सील किती मासे खातो, या प्रश्नाने भागत नाही: पीटर योडझिसचे दोन पेपर

पीएचडीच्या तयारीत असलेल्या मंडळींचा एक प्रश्न सतत येतो. "पेपर क्रिटिकली वाचा असं सगळे सांगतात, पण म्हणजे नक्की काय करायचं?" सारांश आपल्याला लिहिता येतो. चिकित्सेची वेळ आली की "सॅम्पल साइज लहान होता" आणि "या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे" ही दोन वाक्यं लिहून आपण मोकळे होतो. जर्नल क्लबमध्ये ती खपून जातात, मुलाखतीत खपत नाहीत.

म्हणून आज चिकित्सेसाठी एक खरा वाद घेऊया. समुद्री सस्तन प्राणी (सील, व्हेल, डॉल्फिन) आपले मासे खातात, तर ते कमी केले की मच्छीमारांना जास्त मासे मिळतील का? हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. एका बाजूला हजारो प्राणी मारायचे की नाही हा निर्णय आहे, दुसऱ्या बाजूला किनाऱ्यावरच्या लोकांचं पोट आहे. यावर पीटर योडझिस या कॅनडातल्या सैद्धांतिक परिसंस्थाशास्त्रज्ञाने दोन पेपर लिहिले. पहिला १९९८ चा, 'जर्नल ऑफ अ‍ॅनिमल इकॉलॉजी'मध्ये. दुसरा २००१ चा, 'ट्रेंड्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये. दुसऱ्याचं शीर्षकच प्रश्न आहे: मासेमारीच्या भल्यासाठी वरच्या पातळीवरचे भक्षक मारलेच पाहिजेत का?

मला हे पेपर फार आवडतात. तरीही त्यांचा दाखला ज्या पद्धतीने दिला जातो त्याबद्दल माझी तक्रार आहे. दोन्ही गोष्टी क्रमाने सांगतो.

वाद काय आहे

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. तिथे खोलवरचं पोषक पाणी वर येतं, त्यामुळे मासळी भरपूर. या भागात केप फर सील लाखोंच्या संख्येने राहतात. तिथल्या ट्रॉलर मासेमारीचा मुख्य मासा म्हणजे हेक, आणि सीलही हेक खातात. दक्षिण आफ्रिकेत १९९० मध्ये व्यावसायिक सील-शिकार थांबली, नामिबियात ती चालू राहिली. त्यामुळे "सील वाढले की आमच्या हेकचं काय होणार?" हा प्रश्न तिथे चांगलाच तापलेला होता.

या प्रश्नाला एक झटपट उत्तर आहे. एक सील दिवसाला किती खातो ते काढा. त्यात हेक किती टक्के ते पाहा. सीलच्या संख्येने गुणा, वर्षाच्या दिवसांनी गुणा. आलेला आकडा म्हणजे मच्छीमारांचं नुकसान. निम्मे सील कमी केले तर निम्मं नुकसान भरून निघेल. हिशोब सोपा, आकडा मोठा, बातमीला उत्तम.

व्हेलच्या बाबतीतही हाच हिशोब मांडला गेला. १९९९ मध्ये तामुरा आणि ओसुमी या जपानी संशोधकांनी जगभरचे व्हेल-डॉल्फिन मिळून वर्षाला किती खातात याचा अंदाज दिला: २८ ते ५० कोटी टन. जगातली सगळी सागरी मासेमारी मिळून वर्षाला साधारण ८ कोटी टनांच्या आसपास असते. दोन आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो. व्हेल आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त खातात, म्हणजे व्हेल आपले स्पर्धक.

इथे जरा थांबा. आकडा बरोबर असूनही निष्कर्ष चूक असू शकतो, हे ओळखणं चिकित्सेचं पहिलं काम. व्हेल काय खातात आणि कुठे खातात हे या बेरजेत दिसतच नाही. त्यातला बराच भाग दक्षिण महासागरातला क्रिल किंवा खोल पाण्यातले माकूल आहेत, जिथे ट्रॉलर फारसे जात नाहीत. क्रिस्टिन काश्नर आणि डॅनियल पॉली यांनी नकाशावर हे खाणं आणि मासेमारी एकमेकांवर ठेवून पाहिली, तेव्हा खरी सामायिक जागा बरीच कमी निघाली.

योडझिसने काय केलं

योडझिसने हिशोब दुरुस्त करत बसण्याऐवजी प्रश्नच बदलला, आणि त्याचं मोठेपण इथे आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. "सील किती हेक खातो?" हा एक प्रश्न. "सील कमी झाले तर हेक किती वाढेल?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सीलच्या पोटात सापडतं. दुसऱ्याचं उत्तर फक्त संपूर्ण अन्नजाळ्यात सापडतं. आपण पहिल्याचं उत्तर काढतो आणि दुसऱ्याचं म्हणून छापतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे निव्वळ समजण्यासाठी आहेत. समजा सील कमी केल्यामुळे हेकची १००० पिल्लं वाचली. ती सगळी मोठी होऊन जाळ्यात येत नाहीत. त्यातली ८०० इतर कोणीतरी खाल्ली, उरली २००. पण सील फक्त हेक खात नव्हता. हेकची पिल्लं खाणारे इतर मोठे मासेही तो खात होता. ते आता वाढले आणि त्यांनी आणखी ३०० पिल्लं फस्त केली. म्हणजे सील मारून हेक कमी झाला. इथे गुणाकार चुकलेला नाही, पण हिशोब एकाच ओळीचा होता आणि समुद्र एका ओळीत चालत नाही.

१९९८ च्या पेपरात योडझिसने बेंग्वेलाचं २९ गटांचं अन्नजाळं घेतलं. प्लवकांपासून सीलपर्यंत कोण कोणाला खातो याच्या दुव्यांचं जाळं. सीलपासून हेकपर्यंत पोहोचण्याचे या जाळ्यात किती मार्ग आहेत ते त्याने मोजलं. आठ किंवा त्याहून कमी कड्यांचे मार्ग निघाले २ कोटी ८० लाखांहून अधिक. झटपट हिशोब यातला एकच मार्ग पाहतो: सील थेट हेक खातो, तो.

मग त्याने प्रत्येक गटासाठी ऊर्जेवर आधारलेली समीकरणं मांडली. जे पॅरामीटर माहीत नव्हते त्यांना एकच किंमत देऊन मोकळा झाला नाही. शक्य त्या मर्यादेत वेगवेगळ्या किमती देऊन पुन्हा पुन्हा गणित केलं. त्यामुळे उत्तर एका आकड्यात आलं नाही, शक्यतांच्या वाटपात आलं. हेक, अँकोव्ही आणि हॉर्स मॅकेरल या व्यावसायिक माशांचं एकूण उत्पादन पाहिलं, तर सील कमी केल्याने फायदा होण्यापेक्षा तोटा होण्याची शक्यता जास्त निघाली.

काय पटतं

तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, अनिश्चितता लपवलेली नाही. आपल्याकडे थिसिसमध्ये पॅरामीटरच्या तक्त्यात एक आकडा आणि पुढे एक संदर्भ असं टाकून दिलं जातं. तो आकडा थोडा हलवला तर निष्कर्ष टिकतो का हे कोणी विचारत नाही. योडझिसचा संपूर्ण निष्कर्षच या प्रश्नातून उभा आहे.

दुसरी, त्याने स्वतःच्या युक्तिवादाला स्वतःच आव्हान दिलं. २ कोटी ८० लाख मार्ग हा ऐकायला दणदणीत आकडा आहे. पण मार्गांची संख्या म्हणजे परिणामाची ताकद नव्हे, बहुतेक मार्ग अगदी क्षीण असतात. त्याने तपासलं की कोणते दुवे गाळून चालतील. भक्षकाच्या आहारात आणि भक्ष्याच्या हानीत, दोन्हीकडे १० टक्क्यांपेक्षा कमी वाटा असलेले दुवे काढले तरी उत्तर फारसं बदलत नाही असं त्याला आढळलं. म्हणजे "सगळंच सगळ्याशी जोडलेलं आहे, त्यामुळे काहीच सांगता येत नाही" असं तो म्हणत नाही. काय धरावं आणि काय सोडावं याचा निकष तो देतो.

तिसरी, प्रश्न योग्य एककात विचारला आहे. मासेमारी व्यवस्थापनाला फक्त हेकशी मतलब नसतो. हेक वाढून अँकोव्ही घटली तर एका बंदराचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा. एकूण व्यावसायिक उत्पादन पाहणं म्हणूनच बरोबर.

कुठे अडतं

आता तक्रार. इथून पुढचा भाग मुलाखतीच्या तयारीसाठी जास्त उपयोगी आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिली अडचण: या जाळ्यात हेक हा एकच गट आहे. प्रत्यक्षात तिथे हेकच्या दोन जाती आहेत, उथळ पाण्यातली आणि खोल पाण्यातली. शिवाय प्रत्येकीत पिल्लं वेगळी, मोठे मासे वेगळे. हेक स्वतःच हेक खातो. आंद्रे पंट आणि डग बटरवर्थ यांनी १९९५ मध्ये उलट वाट धरली. जाळं लहान ठेवलं: सील, हेकच्या दोन्ही जाती, इतर मोठे भक्षक मासे आणि मासेमारी. पण हेकच्या वयांचा हिशोब नीट ठेवला. त्यातून एक अगदी ठोस यंत्रणा पुढे आली. सील जास्त करून उथळ पाण्यातला हेक खातात. उथळ पाण्यातला मोठा हेक खोल पाण्यातल्या हेकची पिल्लं खातो. सील कमी केले की उथळ पाण्यातला हेक वाढतो, आणि तो खोल पाण्यातल्या हेकवर ताव मारतो. ट्रॉलरच्या पकडीत मोठा वाटा याच खोल पाण्यातल्या हेकचा. त्यामुळे सील मारून फायदा नगण्य, कदाचित तोटाच.

योडझिसच्या मॉडेलला ही यंत्रणा दिसूच शकत नाही, कारण दोन्ही हेक एकाच डब्यात आहेत. पंट-बटरवर्थच्या मॉडेलला अँकोव्ही-हॉर्स मॅकेरलचं काय होतं ते सांगता येत नाही, कारण ते त्यात नाहीतच. दोन्ही मॉडेल अपुरी, पण त्यांचा अपुरेपणा वेगवेगळा. आणि तरी दोघांचा कल एकाच दिशेला. बेंग्वेलाबद्दल माझा विश्वास बसतो तो यामुळे. एकाच पेपरवर तो बसला नसता. परिचयाचं प्रकरण लिहिताना हे लक्षात ठेवा. दोन अभ्यास "सहमत आहेत" असं लिहिण्याआधी ते वेगवेगळ्या वाटेने तिथे पोहोचले का ते पाहा. एकच गृहीतक दोघांत असेल तर तो दुसरा पुरावा नसून पहिल्याचीच झेरॉक्स आहे.

दुसरी अडचण: मॉडेल स्थानिक आहे. इथे स्थानिक म्हणजे गणिती अर्थाने. परिसंस्था सध्या जिथे आहे त्याच्या आसपास छोटासा धक्का दिला तर काय होईल, एवढंच ते सांगतं. १९९८ च्या शीर्षकातच हा शब्द आहे, त्यामुळे लेखकाने फसवलेलं नाही. पण परिसंस्था आधीच कोसळलेली असेल, किंवा निम्म्याहून जास्त भक्षक काढायचे असतील, तर हे गणित तिथे लागू होत नाही.

तिसरी अडचण: "तोट्याची शक्यता जास्त" यातली शक्यता नेमकी कशाची? शंभर समुद्रांत सील मारून पाहिले आणि बहुतेक ठिकाणी तोटा झाला, असा याचा अर्थ नाही. पॅरामीटरबद्दलचं आपलं अज्ञान ज्या पद्धतीने मांडलं, त्या मांडणीतली ही शक्यता आहे. मर्यादा वेगळ्या घेतल्या असत्या तर वाटपही थोडं वेगळं आलं असतं. आकडेवारीत ही गोष्ट पहिल्या वर्षाला शिकवतात आणि दाखला देताना सगळे विसरतात.

आणि मुख्य तक्रार दाखल्यांबद्दलच आहे. "भक्षक मारून मासेमारीला फायदा होत नाही" असं सरसकट वाक्य लिहायचं आणि कंसात योडझिस. हे त्याने सिद्ध केलेलं नाही. अन्नजाळं गुंतागुंतीचं आहे, ही बाब सील मारण्याच्या बाजूने पुरावा नाही. ती विरुद्ध बाजूनेही पुरावा नाही. गुंतागुंत एवढंच सांगते की एका ओळीच्या हिशोबावर निर्णय घेऊ नका. पुढचं काम तिथल्या तिथे करावंच लागतं.

एकच देश, दोन कॉड

हे पटवण्यासाठी बेंग्वेलातून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊया. तिथे सील आणि कॉड यांचा वाद आहे आणि त्याची दोन उत्तरं आहेत.

न्यूफाउंडलंडजवळचा उत्तरी कॉड अतिमासेमारीने कोसळला आणि २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने त्याची मासेमारी बंद केली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. गावंच्या गावं रिकामी झाली. कॉड परत येईना, तेव्हा बोट हार्प सीलकडे वळलं. राग समजण्यासारखा होता. घरी बसलेल्या मच्छीमाराला समोर पोट भरलेला सील दिसत होता. पण २०१४ मध्ये ब्यूरन आणि सहकाऱ्यांनी मासेमारी, सीलचं खाणं आणि अन्नाची उपलब्धता यांची एकत्र तुलना केली. कॉडचे चढउतार मासेमारी आणि कॅपेलिन (कॉड खातो तो छोटा मासा) यांनी समजावता येत होते. हार्प सीलचं खाणं हा महत्त्वाचा घटक ठरला नाही.

आता तिथून फार दूर नसलेलं सेंट लॉरेन्सच्या आखाताचं दक्षिण टोक. तिथलाही कॉड कोसळला, तिथेही मासेमारी बंद झाली. पण इथे मोठ्या, प्रौढ कॉडचा नैसर्गिक मृत्युदर प्रचंड वाढलेला आढळला, आणि तो मासेमारी जवळजवळ थांबल्यावरही उतरला नाही. डग स्वेन आणि ह्यूग बेन्वा यांनी पर्यायी कारणं एकेक करून तपासली. सर्वात भक्कम उभं राहिलेलं कारण म्हणजे ग्रे सील. त्यांची संख्या गेल्या काही दशकांत खूप वाढली होती, आणि उरलेसुरले कॉड हिवाळ्यात जिथे दाटीने जमतात तिथे सीलही जमत होते. मासे थोडे आणि भक्षक भरपूर, अशा खड्ड्यात लोकसंख्या एकदा अडकली की आपली आपण वर येत नाही. २०१२ मध्ये कॅनडाच्या सिनेट समितीने या आखातात चार वर्षांत ७० हजारांपर्यंत ग्रे सील मारण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही, पण तिच्यामागचा प्रश्न पोकळ नव्हता.

आता योडझिसकडे परत या. आखातातली परिस्थिती नेमकी त्याच्या मॉडेलच्या हद्दीबाहेरची आहे. लोकसंख्या समतोलापासून लांब, आणि परिणाम करणारा मार्ग एकच आणि थेट. इथे "योडझिसने दाखवलंय की कलिंग चालत नाही" असं लिहिणारा विद्यार्थी पेपर चुकीचा वाचतोय. "बघा, सीलच दोषी आहेत, म्हणजे उत्तरेतही तेच असणार" असं म्हणणाराही तीच चूक करतोय. दोघेही एका ठिकाणचं उत्तर उचलून दुसरीकडे चिकटवतात.

हिशोब उलट फिरवला तर

न्याय दोन्ही बाजूंना सारखा हवा. संवर्धनाच्या बाजूने असलेले लोकही हाच एका ओळीचा हिशोब करतात, फक्त उलट दिशेने: ट्रॉलर सीलचं अन्न पळवतात, म्हणून सील घटतात.

अलास्कातल्या स्टेलर सी-लायनचं उदाहरण आहे. त्यांची पश्चिमेकडची संख्या झपाट्याने घसरली आणि १९९७ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवण्यात आलं. ते पोलॉक खातात आणि तिथली पोलॉक मासेमारी अवाढव्य आहे. संशय साहजिकच मासेमारीवर गेला, कोर्टकचेऱ्या झाल्या, निर्बंध आले. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ च्या अहवालात पुरावे तपासले, तेव्हा १९९० च्या दशकातल्या घसरणीसाठी उपासमारीचा पुरावा तुलनेने कमकुवत निघाला. शिकारी प्राणी, माणसाकडून होणारे मृत्यू यांसारख्या थेट मारणाऱ्या कारणांकडे कल जास्त होता. समितीची सूचना मला सगळ्यात मोलाची वाटते. वाद घालत बसण्यापेक्षा काही पिल्लावळीच्या जागांभोवती मासेमारी बंद ठेवा, काही ठिकाणी चालू ठेवा, आणि फरक मोजा.

थोडक्यात, निर्बंधच प्रयोगासारखे आखा. योडझिसच्या दोन्ही पेपरांत मला कमी वाटतं ते हेच. कोणतं निरीक्षण आलं तर मॉडेल चुकलं असं मानायचं, हे तिथे ठळकपणे सांगितलेलं नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ही एक ओळ असू द्या: "अमुक दिसलं तर माझं गृहीतक चुकीचं." गाइडला आवडेल, आणि नाही आवडलं तरी ती असू द्या.

निसर्गाने स्वतःहून केलेला एक प्रयोग मात्र आपल्यासमोर आहे, अर्थात माणसाच्या हातून. विसाव्या शतकात दक्षिण महासागरातले बहुतेक मोठे व्हेल मारले गेले. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये सव्होका आणि सहकाऱ्यांनी अंदाज दिला की त्याआधी तिथले बलीन व्हेल वर्षाला सुमारे ४३ कोटी टन क्रिल खात असावेत. आज असलेल्या एकूण क्रिलच्या अंदाजे दुप्पट. एका ओळीच्या हिशोबाप्रमाणे व्हेल गेल्यावर समुद्र क्रिलने भरून जायला हवा होता. तसं झालं नाही. व्हेलच्या विष्ठेतून लोह पाण्यात परत येतं, त्यावर प्लवक वाढतं आणि प्लवकावर क्रिल, हे त्याचं एक स्पष्टीकरण. म्हणजे खाणाराच अन्न पिकवायला हातभार लावत होता. जपानी अंदाजाच्याच पल्ल्यातला आकडा, आणि निष्कर्ष बरोबर उलटा.

आपल्या किनाऱ्यावर

"आपल्याकडे सील कुठे आहेत?" असं कोणी विचारेल. नाहीत. पण सिंधुदुर्ग-गोव्याच्या उथळ पाण्यात हम्पबॅक डॉल्फिन आहेत, फिनलेस पॉरपॉइज आहेत, आणि गिलनेट लावणारे मच्छीमार आहेत. डॉल्फिन जाळ्यातला मासा ओढतात, जाळं फाटतं, कधी प्राणी स्वतःच अडकून मरतो.

इथे एक फरक नीट करा, कारण सिनॉप्सिसमध्ये तो हमखास गोंधळलेला असतो. दोघे एकच मासा खातात ही जैविक स्पर्धा. जाळं फाटणं किंवा प्राणी अडकणं हा मासेमारीच्या साधनांशी येणारा थेट संबंध. पहिल्यासाठी अन्नजाळं लागतं, म्हणजे योडझिसचं जग. दुसऱ्यासाठी ते लागत नाही. फाटलेली जाळी मोजता येतात, अडकलेले प्राणी मोजता येतात, आणि त्यावर हिशोबही सरळ करता येतो.

अमेरिकेने १९९४ मध्ये आपल्या समुद्री सस्तन प्राणी संरक्षण कायद्यात असाच एक हिशोब आणला. माणसामुळे वर्षाला जास्तीत जास्त किती प्राणी गेले तरी लोकसंख्या टिकेल? सूत्र: लोकसंख्येचा सावध, किमान अंदाज, गुणिले कमाल वाढीच्या दराचा निम्मा, गुणिले ०.१ ते १ मधला सुरक्षिततेचा गुणक. समजा एखाद्या पट्ट्यात किमान ५०० डॉल्फिन आहेत. डॉल्फिन-व्हेलसाठी कमाल वाढीचा दर सहसा ०.०४ धरतात, त्याचा निम्मा ०.०२. गुणक ०.५ घेतला तर उत्तर येतं ५. वर्षाला पाच. एवढ्या प्राण्यांचं बरंवाईट दोन-चार बोटींच्या जाळ्यांवर ठरू शकतं. २०१६ मध्ये अमेरिकेने नियम केला की तिथे मासळी विकणाऱ्या देशांनीही अशाच दर्जाची व्यवस्था दाखवावी. त्यामुळे हे सूत्र आता आपल्या निर्यातीच्या फायलींपर्यंत पोहोचलंय. कोणाला विषय हवा असेल तर इथे आहे.

पण "डॉल्फिन आमची मासळी संपवतात" हे वाक्य कोकणातल्या बंदरावर ऐकलंत, तर त्याला पोटातल्या माशांच्या गुणाकाराने हो म्हणू नका. बेंग्वेलाच्या दाखल्याने नाहीही म्हणू नका. मच्छीमाराचं फाटलेलं जाळं खरं आहे, त्याचं नुकसान आजच मोजता येतं. मासळी कशामुळे घटली हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा अभ्यास लागतो. दोन्ही एकात मिसळले की डॉल्फिनवर नको तो आळ येतो आणि मच्छीमाराला मिळायला हवी ती भरपाईही राहून जाते.

वाचताना विचारायचे प्रश्न

कोणताही पेपर घ्या, विषय कोणताही असो, हे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१. पेपरने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तोच प्रश्न शीर्षकात आहे का? की एक मोजलं आणि दुसरं सांगितलं?

२. कोणकोणत्या वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात टाकल्या आहेत? त्या सुट्या केल्या तर काय बदलेल?

३. निष्कर्ष कुठल्या हद्दीपर्यंत खरा आहे? आणि त्याचा दाखला देणारे ती हद्द पाळतात का?

४. काय दिसलं असतं तर लेखकाने मत बदललं असतं?

योडझिस पहिल्या प्रश्नात पूर्ण गुण मिळवतो. दुसऱ्यात कमी पडतो, पण पंट-बटरवर्थ ती उणीव भरून काढतात. तिसऱ्यात तो स्वतः प्रामाणिक आहे, त्याचे वाचक नाहीत. चौथा त्याने आपल्यावर सोडला आहे.

२००१ चा पेपर आधी वाचा, लहान आहे आणि गणित कमी आहे. मग १९९८ चा. वाचून झाल्यावर एक काम करा. त्याचा दाखला देणारे कोणतेही तीन पेपर शोधा आणि दाखला दिलेलं वाक्य मूळ पेपरशी ताडून पाहा. काय सापडलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या वेळी त्यातूनच एखादं उदाहरण घेऊन दाखला कसा द्यायचा यावर बोलू.